हिराबाईंच्या मागे सुधागड

मोबाईल भरला की आपण फोटो उडवतो. किश्श्यांचं तसं करता येत नाही, ते साठतच जातात. पालीच्या एका शाळेतले आम्ही पाच शिक्षक सुट्टीला सुधागडावर जातो. ठाकूरवाडीकडून चढायचं, धोंडशाकडून उतरायचं, असा पूर्ण फेरा. आमच्या साठ्यात गड कमी आणि हिराबाईच जास्त. त्या ठाकूरवाडीच्या. वय पन्नाशीच्या पुढे, पायात साध्या रबरी चपला. आम्ही पाचही जण आज धडधाकट आहोत, ते त्यांच्यामुळे.

*

ओळखच मुळी आम्ही वाट चुकलो म्हणून झाली. पहिल्या खेपेला वाटाड्या घेतला नव्हता. कदम सर पी.टी. शिकवतात, म्हणून तेच पुढे. "वाट चांगली मळलेली आहे, चला," म्हणाले. अर्ध्या तासाने समोरून डोक्यावर मोळी घेतलेल्या एक बाई आल्या.

"कुटं निघालात?"

"गडावर."

"ही गुरांची वाट हाय. पुढं कडा हाय. गुरांना ठावं हाय कुटनं वळायचं. तुमाला हाय का?"

मोळी तिथेच ठेवून त्या आम्हाला वाटेला लावायला आल्या, त्या थेट गडापर्यंत.

*

तेव्हापासून आमच्या वाटाड्या हिराबाईच. त्यांचा एक नियम आहे. सगळ्यांत सावकाश चालणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. म्हणजे सावंत मॅडम पुढे आणि कदम सर शेवटी. सरांना ते लागलं.

"शाळेत मी सगळ्यांच्या पुढे असतो," ते म्हणाले.

"शाळंत दरी हाय का?" हिराबाईंनी विचारलं.

*

गडाच्या वाटेवरच्या लोखंडी शिडीवर सावंत मॅडम मधेच थिजल्या. दोन्ही हातांनी शिडी धरून डोळे मिटले. ना वर, ना खाली. हिराबाई त्यांच्या एक पायरी खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या वर्गातली पोरं सांगा बघू. एकेक नाव, एकेक पायरी."

मॅडमनी सहावी 'ब'ची हजेरी सुरू केली. आंग्रे. पायरी. कांबळे. पायरी. म्हात्रेपर्यंत त्या वर पोहोचल्या होत्या. वर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "यादी निम्मीच झाली."

"ऱ्हायलेली पोरं उतरताना घ्या," हिराबाई म्हणाल्या.

*

दर वळणावर त्या माणसं मोजतात. एकदा मोजली तर पाचाऐवजी सहा भरली. आमच्यामागे मुंबईचा एक गृहस्थ मुकाट्याने चालत होता. त्याचा ग्रुप पुढे निघून गेलेला, फोनला रेंज नाही, बाटली रिकामी.

"विचारलं का नाही तुम्ही?" मी म्हटलं.

"लाज वाटली."

हिराबाईंनी स्वतःची बाटली त्याच्या हातात दिली. "लाज खाली गेल्यावर वाटू दे. आता पाणी प्या."

*

आणि मागचा सप्टेंबर. सकाळी ऊन होतं. गडावरचं भोराईदेवीचं देऊळ दहा मिनिटांवर असताना हिराबाई थांबल्या. डोंगरामागे काळं झालं होतं. "वळा," म्हणाल्या. "आज फेरा न्हाय. आल्या वाटेनं खाली."

कदम सर म्हणाले, "हिराबाई, दहा मिनिटं तर राहिलीत."

"दहा मिन्टं जायाची. यायाची किती, ते सांगा."

सर वळले, पण फुगले. उतरताना कुणाशी बोलले नाहीत. वाडीच्या अलीकडचा ओढा आम्ही ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे दगडावर बसून मी बुटातलं पाणी काढत होते, तेवढ्यात वरून घुमल्यासारखा आवाज आला. बघता बघता ओढा कमरेएवढा झाला. गढूळ पाण्यातून एक अख्खं झाड आमच्यासमोरून वाहत गेलं.

मग कदम सर उठले, टोपी काढली आणि हिराबाईंच्या पायाशी वाकले. त्या पटकन मागे सरकल्या.

"माझ्या कशाला? तुमच्याच पायांच्या पाया पडा. वेळंवर वळलं ते."

कदम सरांनी खरंच खाली वाकून स्वतःच्या चिखलाच्या बुटांना हात लावला, आणि तो कपाळाला टेकवला.