संपलं नव्हतं, टाळ्या कसल्या वाजवता?

माझा दादा तुसडा होता.

सकाळपासून फेसबुकवर "हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांना आपलेसे करणारे" असं वाचतेय. मला कळेना, हा कोण गेला?

दादा राजारामपुरीत पाण्याच्या मोटारी विकायचा. गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलायचा, नातेवाइकांशी तेवढंही नाही. रविवारी सकाळी मात्र खोलीत बसून गिटार ऐकायचा.

पार्टीत बडवतात ती नव्हे. क्लासिकल गिटार, मागे व्हायोलिन-चेलोंचा ऑर्केस्ट्रा, आणि युरोपातलं शेकडो वर्षं जुनं बरोक संगीत. पुण्यात शिकताना कुणाच्या तरी खोलीवर ऐकलं आणि हा माणूस कामातून गेला.

त्याच्या लाडक्या कॉन्चेर्टोचे, म्हणजे गिटार आणि ऑर्केस्ट्राच्या एका लांब रचनेचे, तीन भाग. पहिला पळता. मग क्षणभर सगळं गप्प. मग दुसरा, संथ. गिटार एकेक सूर सोडते आणि मागचे व्हायोलिनवाले तिला जपून सोबत करतात. दादाचा जीव त्या संथ भागात.

मधल्या गप्प जागेत कुणी तोंड उघडलं तर?

"भायेर जा."

आमच्या सख्ख्या मामांना त्यानं असं घालवलंय. त्यांनी फक्त चहा मागितला होता. मामा पुढं वर्षभर फिरकले नाहीत.

"बरं झालं की," दादा म्हणाला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. त्याच्या मुलानं, अभिजितनं, हॉल घेतला.

"आत्या, पप्पांना म्युझिक आवडायचं न्हवं? कराओके ठेवूया."

कराओके. दादाच्या नावानं. मी काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

वहिनीचं मागणं एवढंसं होतं. वर्षभर तिनं ते संगीत लावलं नव्हतं. एकटीला धीरच होईना.

"तेवढं ह्यांचं वाजवा. सगळी मिळून ऐकूया. मग गावा काय गायचं ते."

ठरलं.

हॉलच्या दारात फ्लेक्स. दादाच्या फोटोशेजारी लाल इलेक्ट्रिक गिटार, तिला आगीच्या ज्वाळा. खाली शोकाकुल मंडळी, गॉगल लावून. फोटो दादापेक्षा मोठे.

आत पहिला भाग सुरू झाला. मागच्या रांगेत उसाच्या दरावर चर्चा. एक बाई व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी साडीचे काठ दाखवत होत्या. पुढं कराओके ग्रुपचे डॉक्टर पायानं ठेका धरून बसलेले. ठेकाही चुकीचा.

वहिनी तोंडाला पदर लावून, डोळे मिटून ऐकत होती.

पहिला भाग संपला. ती गप्प जागा आली.

आणि टाळ्यांचा कडकडाट!

"वा, वा! सुंदर!" म्हणत डॉक्टर उठले. माईक हातात. साऊंडवाल्यानं तिथल्या तिथं ट्रॅक बदलला.

मी ओरडले, "अहो, संपलं नाही अजून!"

"झालं की हो ताई. आता जरा लोकांना कळंल असं होऊ द्या."

आणि डॉक्टर सुरू. वर्षश्राद्धाला हिंदी प्रेमगीत, तेही डोळे मिचकावत. डॉक्टर आणि सूर यांचं जुनं वैर असावं, दोघं एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. लोक माना डोलावत होते. कुणीतरी वन्स मोअर दिला. मी अभिजितकडं बघितलं तर तो पंगतीची व्यवस्था बघायला पळाला.

थोडा वेळ गप्प बसायचं होतं. गाता येत नाही, ऐकता येत नाही, ठीक आहे. गप्पसुद्धा बसता येत नाही?

असल्या गोतावळ्यात दादानं जन्म काढला. तुसडा होईल नाहीतर काय!

वहिनी उठली. "वन्सं, घरला चला."

जेवण न करताच निघालो.

घरी तिनंच प्लेअर लावला. थेट दुसरा भाग. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही दोघींनी तो संथ भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मी तिचा हात धरला होता. संगीत थांबल्यावरही ती तशीच बसून राहिली.

मग हळूच म्हणाली,

"गेले की ओ, वन्सं."

आणि रडली. अंत्यविधीला नाही, दिवसकार्याला नाही, वर्षभरात आज पहिल्यांदा.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. आमचं आम्ही बघतो.

दादा, ऐकलं रे आम्ही.

जा आता सुखानं.