देव्हाऱ्यातलं अस्वल

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. शहापूरला नोकरी लागल्यावर खर्डीजवळच्या आमच्या गावी जाताना पुतणीसाठी चित्रांचं एक गोष्टीचं पुस्तक नेलं. ती तेव्हा दुसरीत होती. ओटीवर बसून, ओळीवर बोट ठेवत तिने अस्वलाची गोष्ट अर्धी वाचली आणि मलाच बजावलं, "काका, पुढं काय होतं ते सांगू नको हां!"

पुढच्या खेपेला पाहिलं, तर पुस्तक देव्हाऱ्यात होतं. दसऱ्याला वहिनीने कोयत्या-विळ्यांच्या शेजारी मांडून त्याची पूजा केली होती. अस्वलाच्या कपाळावर हळदकुंकू होतं आणि समईच्या तेलाने पानं चिकटली होती.

"तिला वाचायला द्या ना, वहिनी."

"नको भावजी, फाडंल ती. पुस्तकांनी तुमाला हाफिसात बसवलं. त्यांना काय असं खाली लोळवायचं?"

माझ्या आईनेही माझी पुस्तकं अशीच देवासारखी जपली होती आणि त्या मायेवरच मी शिकलो. वहिनीला चूक कसं म्हणू?

मी आणखी पुस्तकं नेली. तीही देव्हाऱ्यात गेली. आता पुतणी पाचवीत आहे, मोबाइलवर रमते. परवा विचारलं, "अस्वलाचं पुढं काय झालं गो?"

"कुठलं अस्वल?" तिने मानही वर केली नाही.

दिवेलागणीला तिने सवयीने त्या पुस्तकांना हात जोडले आणि पुन्हा मोबाइल उचलला.