गेरूचा लेप
शेजारच्या काकू कुंड्यांना गेरू फासायला लागल्या की तो ओला, मातकट वास माझ्या खोलीपर्यंत येतो आणि मला शिरोळची आत्या आठवते. तिच्या कपाळावर नागीण उठली होती. पाणी भरलेले फोड पापणीपर्यंत उतरले होते आणि त्यांवर गावातल्या एका बाईनं मंत्र म्हणत गेरूचा जाड लेप दिला होता. डोळा सुजून बंद झालेला. त्या दिवशी मी तिच्याकडेच होते; सकाळपासून दोनदा हळूच म्हटलं, "आत्या, दवाखान्यात जाऊया ना," तर तिनं "बघू की गं" म्हणत मला चहा दिला. दुपारी कोल्हापूरहून माझा भाऊ आला आणि दारातूनच ओरडला, "डोळा जाईल तुझा! अडाणीपणाला काही लिमिट?" "नागिणीला डॉक्टरचं औषध चालत न्हाय," आत्या म्हणाली. "मग बस अशीच, बेंदराच्या बैलासारखी रंगून!" सोप्यात बसलेल्या शेजारणी हसल्या. आत्याचा चेहरा पडला. "व्हय, अडाणीच हाय मी. तुझ्या बापाला कडेवर घेऊन वाढवलं, ती बी अडाणीच," म्हणत तिनं डोक्यावर पदर ओढला आणि स्वतःच भावाच्या गाडीत जाऊन बसली. डॉक्टरच्या औषधानं डोळा वाचला. आता ती सगळ्यांना सांगते, गेरूनं गुण आला. ऐकून माझं डोकं फिरतं, पण मी गप्प बसते. गोड बोलून काय होतं ते मी पाहिलंय. भाऊ सोबत असला की आत्या त्या वाचलेल्या डोळ्यानं भिंतीकडे बघते आणि चहा फक्त माझ्यापुढे ठेवते.