दसऱ्याला पारोसा

साल २०१९. माझं वय सदुसष्ट. सुप्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात मदतनीस होतो. शाळा चौथीपर्यंत, पण तिथला एकही बोल्ट माझ्याशिवाय कुणी आवळत नसे.

तिथं एक तरुण मॅडम धातूची पूड बनवायच्या. चिमूटभर पूड पोलादी भांड्यात टाकायची, वर गॅस सोडायचा, की त्या गॅसचं प्लॅस्टिक होतं. शेततळ्याला अंथरतात, त्याच जातीचं. गॅस खपला की दाबाचा काटा उतरतो. पूड लई तेज, पण पाण्याचा थेंब लागला की मेली.

खंडेनवमीला सगळी यंत्रं पुजून मी तांब्या घेऊन मॅडमच्या खोलीच्या दारात गेलो.

"काका, इथं पाणी नको."

"पान्याबिगर कसली पूजा?"

"मग पूजाच नको. झाकण तेवढं आवळून द्या."

तांब्या बाहेर ठेवला. रागारागात झाकण बसवून आवळलं. दुपारी मॅडमनी गॅस सोडला. काटा जिथल्या तिथं.

"कुठून तरी ओल शिरली," त्या म्हणाल्या. "काका, हात ओले होते?"

"धोतराला पुसलं हुतं. भांडं पुजलं न्हाई, रुसलं."

"भांडं रुसत नाही, पूड मरते. थोडी उरलीय, उद्या सुट्टी असली तरी टाकून बघते. तीही गेली तर साहेब माझं काम बंद करणार."

संध्याकाळभर मला घरी बसवेना. ओट्यावर, गोठ्यात, परत ओट्यावर. माझ्या हातानं यंत्र बिघडलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. धोतर तरी कोरडं होतं का? पूजेत सोगा भिजलेला. पुन्हा वाटे, छे, पूजाच राहिली त्याचं हे. बायको म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का?"

सकाळी तिनं पाणी तापवलं. मी नुसती पॅंट चढवली.

"अवो, दसऱ्याला पारोसं कुटं निगाला?"

"कामावर."

मॅडमच्या आधी दारात उभा राहिलो. दोन्ही हात उन्हात धरले, मग झाकण आवळलं.

"आज तांब्या नाही, काका?"

"पारोशानं पूजा चालत न्हाई. आदी तुमचं काम हुऊ द्या."

त्यांनी गॅस सोडला. मी दाराबाहेर जाऊन काचेतून काट्याकडं बघत उभा राहिलो.