सातवं भोक

लिफ्टदुरुस्तीच्या त्या वर्कशॉपात आठ मेकॅनिक होते. सात जण शाफ्टमध्ये उतरत, म्हणजे लिफ्ट ज्या अंधाऱ्या उभ्या पोकळीत वरखाली करते तिच्यात. आठवी टेलिफोनवर बसे. तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे होते तेही.

मेकॅनिकच्या परीक्षेत ती पहिली आली होती. पण रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, लिफ्टमध्ये अडकलेल्या एका आजोबांशी ती फोनवर धीराचे चार शब्द बोलली आणि तिथेच घात झाला. "ताईंचा आवाज काय शांत आहे," साहेब म्हणाले. पुढची एकोणीस वर्षं ती अडकलेल्यांना धीर देत राहिली. सुरुवातीला आई शेजारणींना लाजेकाजेस्तव सांगायची, पोरगी मेकॅनिक नाही, टेलिफोनवर असते. कंपनीने आईला खोटं पडू दिलं नाही.

शाफ्टमध्ये उतरायला सुरक्षा पट्टा लागतो. तिथले पट्टे पुरुषांच्या मापाचे, सहाव्या भोकालाही तिच्या कमरेला ढगळ. तिने तेव्हाच खिळा तापवून सातवं भोक पाडलं आणि पट्टा लॉकरमध्ये टांगून ठेवला. अधूनमधून काढून पुसायची.

गेल्या महिन्यात एक मेकॅनिक निवृत्त झाला. साहेब म्हणाले, "ताई, सोमवारपासून तुम्ही उतरा." तिने आईलासुद्धा सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून.

शुक्रवारी सुरक्षा तपासनीस आले. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"हे भोक कुणी पाडलं?"

"मी."

"पट्टा बाद. इथेच फाटला तर माणूस थेट तळाला."

"एकोणीस वर्षांत कुणी गेलं नाही," सगळ्यांत जुना मेकॅनिक म्हणाला, "लॉकरमधून कोण पडणार?"

सगळे हसले. तीही हसली, सवयीने.

"साहेब, लहान मापाचा मागवा ना."

"पट्टा शाफ्टमध्ये उतरणाऱ्यालाच मिळतो, ताई. नियम आहे."

"मग उतरवा मला."

"बिनपट्ट्याचं? काही झालं तर?" साहेबांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. पंचाईत तीच होती. माणूस दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं.

तपासनीसांनी पट्टा कापून त्याचे दोन तुकडे केले. बाद मालाचं तसंच करतात.

फोन वाजला. पाचव्या मजल्यावर एक बाई अडकली होती आणि रडत होती.

"घाबरू नका. दाराची कडी नीट बसली नसेल. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग तुम्हीच या ना, ताई."

सहा जणांपैकी एकाने हत्यारांची पिशवी उचलली.

"माणूस निघालाय," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच शांत होता. "तोवर बोलत राहा माझ्याशी. मी इथेच आहे, कुठे जात नाही."