झाकण न उघडण्याचे तीन दिवस

शिवाजी पेठेत शिवय्यांनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडली. मनगटावरची, भिंतीवरची, गजराची, कुणाला सासऱ्यानं लग्नात दिलेली आणि लग्नापासूनच बंद असलेली. घड्याळ थांबलं की झाकण काढायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि आत बघायचं, एवढी एकच विद्या त्यांना येत होती. पुढं लोक वेळ मोबाइलवर बघायला लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं, घरी येऊन खिडकीशी बसले, ते बसलेच. बोलणं मुळात बेताचं, तेही आटलं. त्यांच्या पत्नी अक्काताई भाकरी थापता थापता एकट्याच बोलायच्या आणि एकट्याच भांडायच्या. भांडायला समोर माणूस नसणं ही काय शिक्षा असते, ते त्यांनाच विचारावं.

अशात एक दिवस जयसिंगपूरहून अमरसिंह आले. त्यांचा पक्षी पाळायचा धंदा. अंडी उबवायच्या त्यांच्या पेटीत उष्णता धरणारा काटा बिघडला होता आणि कुणीतरी शिवय्यांचं नाव सांगितलं होतं. शिवय्यांनी तीन दिवसांत पेटी चालू केली. तोवर अमरसिंहांनी नवी घेतलेली. जुनी त्यांनी शिवय्यांनाच ठेवून घ्यायला लावली, वर लाव्हा पक्ष्याची तीस अंडी दिली. लाव्हा म्हणजे बाजारात ज्याला बटेर म्हणतात तो, मुठीत मावेल एवढा पक्षी. तेवढाच विरंगुळा होईल, म्हणाले.

आता ही मंडळी जंगम, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. अक्काताईंच्या घरात उभ्या जन्मात अंडं आलेलं नव्हतं. त्यांनी ती काळ्या ठिपक्यांची इवली अंडी पाहिली आणि नाक मुरडलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. शिवय्यांनी दोन वर्षांनी भिंग बाहेर काढलं होतं आणि ते एकेक अंडं निरखत होते. अक्काताईंचा आवाज खाली आला.

"खायाची न्हाईत न्हवं? मग ऱ्हाऊ देत. पर भाईर सोप्यात. सैपाकघराचा उंबरा वलांडायचा न्हाय."

अमरसिंहांनी नियम सांगितले होते. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, पेटीतल्या वाटीतलं पाणी आटू द्यायचं नाही, सतराव्या दिवशी पिल्लं. आणि शेवटचे तीन दिवस अंड्यांना हात लावायचा नाही, झाकणसुद्धा उघडायचं नाही. शिवय्यांनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला फुली केली, गजर लावले आणि मिनिटाचा फरक न करता अंडी फिरवली. जेवताना आपणहून बोलायला लागले. आज सहावा दिवस, आज अकरावा दिवस. अक्काताईंना तेवढंही पुष्कळ होतं.

घोटाळा शेवटच्या तीन दिवसांत झाला. पेठेत कुणी नवी गाडी घेतली तरी अख्खी गल्ली येऊन सीटवर बसून जाते, मग ही तर जिवंत पिल्लं. शेजारचा कृष्णात तालमीच्या फुटबॉल संघातल्या अकराजणांना घेऊन आला, बदली खेळाडूंसकट. दारात आलेल्या माणसाला न दाखवता परत कसं पाठवायचं? पेटीला काचेची बारीक खिडकी होती, पण ती आतल्या वाफेनं धुरकटलेली. शिवय्या प्रत्येकाला झाकण उघडून दाखवत राहिले. सतराव्या दिवशी तीस अंड्यांतून एकच पिल्लू बाहेर आलं. बाकीच्यांनी कवचाला बारीक भोकं पाडली होती आणि तिथंच थांबली होती.

अमरसिंहांनी फोनवर कारण सांगितलं. झाकण उघडलं की वाफ जाते, कवचाच्या आतलं पातळ कातडं वाळतं आणि पिल्लाला आवळून धरतं. अक्काताईंनी ते ऐकलं आणि कृष्णातसमोर, सगळ्या गल्लीसमोर नवऱ्याला फैलावर घेतलं. झाकणं काढायची ही खोड मेल्यावरसुद्धा जायची नाही, इथवर बोलल्या. शिवय्यांनी मान डोलावली. उरलेल्या एकुलत्या पिल्लाला खोक्यात बल्बच्या उबेला ठेवलं आणि परत खिडकीशी जाऊन बसले.

ते पिल्लू जगलं. महिनाभरात अंगानं भरलं आणि सोप्यात तुरुतुरु पळायला लागलं. पण शिवय्या त्याला दाणा घालायचे आणि वळायचे. शेवटी अक्काताईंनीच अमरसिंहांना फोन करून नवी तीस अंडी मागवली. शिवय्या नको म्हणाले.

"माझ्या हाताला यश न्हाय," ते म्हणाले. "घड्याळं येगळी. ह्यो जीव हाय."

ही एकच वेळ करून बघा, नाही जमलं तर पेटी परत पाठवू, असं अक्काताईंनी कसंबसं कबूल करून घेतलं. मनात मात्र त्या पुरत्या जाणून होत्या की आता नाही जमलं तर हा माणूस त्या खिडकीपासून परत उठायचा नाही.

पुन्हा पेन्सिलीचे गोल, पुन्हा फुल्या, पुन्हा गजर. चौदाव्या दिवशी शिवय्यांनी पेटीला कडी बसवली, बोटाएवढं पितळी कुलूप घातलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. अक्काताईंनी ती पदराच्या टोकाला बांधली. बघायला येणाऱ्यांना चहा मिळेल, पिल्लं मिळणार नाहीत, असं दारातच सांगण्यात आलं. कृष्णात जरा रुसला, पण चहा प्याला.

सोळाव्या दिवशी, शनिवारी, मोह नको म्हणून शिवय्या तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. दुपारी घरी परतले तर अक्काताई पेटीपुढं गुडघ्यावर बसलेल्या आणि किल्ली कुलपात. झाकण अजून उघडलेलं नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं आणि किल्ली काढून नवऱ्याच्या हातात कोंबली.

"ही तुमच्यापाशीच ठेवा, माझा भरवसा न्हाय," त्या म्हणाल्या आणि एकदम रडू फुटलं. "मागच्या टायमाला मीबी उघडलंय. तुमी दुपारी झोपला की रोज. चार-चार वेळा. आनि बोलणी तुमाला घातली."

शिवय्यांनी हातातल्या किल्लीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि ते खो खो हसायला लागले. दोन वर्षांत त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. अक्काताई आधी रागावल्या, मग त्यांनाही डोळे पुसता पुसता हसू आवरेना.

पण किल्लीचा प्रश्न राहिलाच. ती घरात असली तर दोघांचाही स्वतःवर भरवसा नव्हता. बाहेर कृष्णात मोटारसायकलला लाथ मारत होता. जोतिबाच्या डोंगरावर त्याच्या मेव्हण्याचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे, तिथं मुक्कामाला निघालेला. शिवय्यांनी त्याला थांबवून किल्ली त्याच्या खिशात टाकली आणि उद्या सांजच्याला आण, त्याच्या आधी दिसू नकोस, अशी ताकीद दिली. देवाच्या पायाला लावायची असेल, असं कृष्णातनं आपल्या मनानंच ठरवलं.

रविवारी सकाळी पेटीतून टकटक ऐकू आली. शिवय्यांनी लाकडाला कान लावला. आयुष्यभर त्यांनी घड्याळं उघडण्याआधी अशीच कानाशी धरली होती. दुसऱ्या बाजूनं अक्काताईंनी कान लावला. दुपारपर्यंत टकटकीचा चिवचिवाट झाला. आत किती, कशी, काही कळायला मार्ग नव्हता. दोघं पेटीच्या दोन अंगांना बसून राहिले, जेवणही तिथंच झालं आणि सोप्यातला तो एकुलता लाव्हा दोघांच्या मधून फेऱ्या मारत राहिला.

संध्याकाळी कृष्णात आला तो गुलालानं माखलेला. किल्लीसुद्धा गुलालानं माखलेली. मागोमाग गल्ली आलीच. शिवय्यांनी कुलूप काढलं, झाकण उचललं. अंगठ्याएवढी, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत होती. शिवय्यांनी दोनदा मोजली. चोवीस.

काकांच्या हाताला यश आहे, कृष्णात म्हणाला. अक्काताईंनी त्याला थांबवलं, पदर खोचला आणि भांडायला उभ्या राहतात तशा गल्लीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"ऐका समद्यांनी. मागच्या टायमाला पिल्लं गेली ती माझ्यापायी. ह्यांच्या हाताला काय बी झाल्यालं नव्हतं."

शिवय्या एका पिल्लाला तळहातावर घेऊन, डोळ्याला भिंग लावून बघत होते. मान वर न करता ते म्हणाले, "निम्मी तुझ्यापायी. निम्मी माझ्या. खोटं बोलू नगंस."

आणि मग दोघं सगळ्यांसमोर त्यावरून भांडायला लागले.