बायांची मापं

नागपुरात, नंदनवन भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आई ब्लाउज शिवते; लग्नानंतर मी आणि नवराही इथेच राहतो. गेल्या दोन वर्षांत येणाऱ्या बाया निम्म्यावर आल्या. तयार ब्लाउज मिळतात, तेही घरपोच. दिवाळीच्या तोंडावर एरवी तिला मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवसांत भर दुपारी मशीन झाकलेली दिसली. आईला रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अ‍ॅपच्या स्क्रीन बनवते, त्यामुळे उपाय हाताशीच होता. शिवणाऱ्यांसाठी एक अ‍ॅप निघालं होतं. गिऱ्हाइकांची मापं त्यात भरायची, मग शहरभरातून ऑर्डरी येणार. आईही हरखली. रविवारी तिचं नाव, पत्ता, फोटो सगळं भरून झालं. फक्त 'मला मान्य आहे' दाबायचं राहिलं.

"थांब," आई म्हणाली. "काय मान्य हाये मले? वाच."

"अवं आई, ते कोणी वाचत नाही."

हे बोलणारी मी कोण, तर असंच बटण लोकांच्या पटकन नजरेत भरावं म्हणून रंगवण्याचा पगार घेणारी. पण आईपुढे कोणाचं चाललंय! ती मांडी घालून बसली आणि मी एकेक कलम मराठीत सांगत गेले. बरंचसं मला स्वतःलाच धड कळत नव्हतं. दोनदा चहा झाला. सातवी शिकलेली माझी आई असे प्रश्न विचारत होती की आमच्या ऑफिसात आजवर कोणी विचारले नसतील. मग ती ओळ आली: भरलेली मापं कंपनी आपल्या भागीदारांना देऊ शकेल.

"हे भागीदार कोण?"

"लिहिलं नाही."

"आन् उद्या काढून टाका म्हटलं तर?"

"तरी त्यायच्याजवळ कॉपी राहील."

"मंग नाही. बायांनी मापं मले देल्ली, त्यायले नाही."

मी चिडले. एवढा वेळ वाचून शेवटी हे. "नुसते आकडे हायेत, आई! चौतीस, छत्तीस. त्याच्यावरून कोणाले काय कळते? आन् तू काय अशीच मशीन झाकून बसशील?"

"बसीन," म्हणाली, आणि उठून मापाची वही घेऊन आली. इतकी वर्षं एका घरात राहून मी ती उघडी पाहिली नव्हती. आत कोणाचंच नाव नाही. पानापानावर कापडाचा एकेक तुकडा टाचलेला, आणि कोणता तुकडा कोणाचा हे फक्त तिला ठाऊक. बाकीची पानं हाताने झाकत तिने एक पान काढलं.

"हे पाह्य. तुझं हाये."

जांभळं रेशीम. तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात नेसले होते त्या साडीचं. छातीचं माप चौतीस, ते खोडून साडेपस्तीस, बाजूला 'सैल ठेवणे'. त्याखाली तीन आठवड्यांनंतरची तारीख, आणि पुन्हा चौतीस.

त्या तीन आठवड्यांत माझा गर्भ पडला होता. दिवस गेल्याचंच मी घरी सांगितलं नव्हतं, तर पुढचं काय सांगणार? नवरा आणि डॉक्टरीणबाई सोडून कोणालाही माहीत नाही असं मी धरून चालले होते. आणि आईला टेप लावल्या क्षणीच कळलं होतं, आधीचंही आणि नंतरचंही. दुसऱ्यांदा माप घेताना ती एवढंच म्हणाली होती, "हात वर कर." मग अख्खं ब्लाउज उसवून तिने पुन्हा शिवलं, आणि लग्नात मी ते घालून मिरवले. तीन वर्षं हे पोटात ठेवून ती माझ्यासोबत जेवली, हसली, भांडली. रोजच्या पाहण्यातल्या आपल्या आईपुढे कधी इतकं लहान वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.



"तू मले काहून नाही विचारलं कधी?"

"तू सांगितलं नव्हतं ना वं," आई म्हणाली.